साक्ष लहानांची आणि थोरांची



उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी मिस्सामध्ये आपण सुसान्नाची कथा ऐकतो (दानिएल 13). दोन वृद्ध न्यायाधीशांनी तिच्यावर खोटा आळ घेतला. त्यांच्या वयाकडे आणि हुद्द्याकडे पाहून लोकांनी विश्वास ठेवला. तरुण दानिएलने दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला : हे कोणत्या झाडाखाली घडले? झाडाचे नाव त्याने सुचविले नाही. दोघांनी दोन निराळी झाडे सांगितली आणि निरपराध स्त्रीचे प्राण वाचले.

ते वृद्ध जाणूनबुजून खोटे बोलले. परंतु प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, कारण स्मृती म्हणजे फोटो नव्हे. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखविली. गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले; काहींना 'जोरात आदळल्या' असा शब्द वापरला. आठवड्यानंतर पहिल्या गटातील 50 पैकी 7 जणांना, तर दुसऱ्या गटातील 50 पैकी 16 जणांना फुटलेली काच 'आठवली'. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

लहान मूल आपणहून बोलते तेव्हा थोडेच सांगते, पण बहुधा खरे सांगते. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले उत्तर चुकले असे वाटून ते बदलते. 1983 साली कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीवर अत्याचाराचे आरोप झाले. मुलांना सूचक प्रश्न वारंवार विचारले गेले. 1990 मध्ये खटला संपला तेव्हा एकही आरोप सिद्ध झाला नव्हता. दोष मुलांचा नव्हता, विचारणाऱ्यांचा होता.

वृद्धांना चेहरा आठवतो, पण तो कुठे पाहिला याची गल्लत होते. त्यामुळे ओळखपरेडमध्ये भलत्याकडे बोट जाऊ शकते. घाई न करता विचारले तर घटनेचा गाभा मात्र ते नीट सांगतात.

आपला कायदाही केवळ वयामुळे साक्ष नाकारत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत आणि मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये.

घरी हे ध्यानात ठेवूया :

1. मूल काही भयंकर सांगू लागले तर 'गप्प बस' म्हणू नका.
2. 'त्यानेच केले ना?' असे विचारू नका. 'काय झाले ते सांग' एवढेच म्हणा.
3. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. चारचौघांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका.
4. पोलिसांना किंवा 1098 या क्रमांकावर कळवा, मग तो माणूस नात्यातला असो, शेजारचा असो, की माझ्यासारखा धर्मगुरू असो.

'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे आणि खरे बोलणाऱ्याचे तोंड बंद करणे, या दोन्हींनी ती मोडते.

दानिएलप्रमाणे विचारण्याचा धीर आणि ऐकून घेण्याचा संयम प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू