दाखला उत्पन्नाचा की नोंदीचा?

(द्वितीय वर्ष, कला)

शिष्यवृत्ती म्हटली की डोळ्यांपुढे गुणपत्रिका येते. प्रत्यक्षात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अर्जाचा निकाल लागतो तो दुसऱ्याच एका कागदावर, म्हणजे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दाखल्यावर. या कागदाविषयी आपण तक्रार पुष्कळ करतो, पण त्याचा अभ्यास क्वचितच करतो. तो थोडाफार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गरजू विद्यार्थ्याला सरकारने हात द्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी मिळू लागली. ‘ई.बी.सी.’ आणि ‘बाराशे रुपयांची मर्यादा’ हे शब्द जुन्या शिक्षकांच्या तोंडून आजही ऐकू येतात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २ लाख ५० हजार आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ८ लाख, अशा मर्यादा पुढे ठरल्या. मर्यादा आली की मोजमाप आले, आणि मोजमाप आले की पुरावाही आला. खरी अडचण येथूनच सुरू होते.

अँटॉप हिलला राहणाऱ्याला ही अडचण चालता चालता दिसते. एका बाजूला सी.जी.एस. कॉलनीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या इमारती आहेत. दुसऱ्या बाजूला कोकरी आगार, संगम नगर यांसारख्या वस्त्या आणि त्यांच्या पलीकडे वडाळ्याचा ट्रक टर्मिनल. कॉलनीतील मुलाच्या घरी पगारपत्रक असते, आणि पगारातून कर कापला जात असेल तर ‘फॉर्म सोळा’ही असतो. माझे वडील मालमोटारींवर माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात आणि आई घरी बसून शिवलेल्या कपड्यांचे धागे कापते. आमच्या घरचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या खुणांनी मांडलेला असतो. तो खरा आहे, पण त्यावर कोणाचा शिक्का नाही. कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच व्यक्ती मी असल्यामुळे कागद कोठून सुरू करायचा, हे विचारायला घरात दुसरे कोणी नव्हते.

पूर्वी शेजारच्या परळ-लालबागात चित्र वेगळे होते. गिरणी कामगाराला पगार थोडा असेल, पण पगाराची चिठ्ठी आणि फंडाचा हिशेब त्याच्याजवळ असे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि नोकरीबरोबर तो कागदही गेला. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. त्यामुळे मंडळात नोंद असलेल्या हमालाची मजुरी मंडळाच्या वहीतून जाते. नोंद नसलेला हमाल तेच ओझे उचलतो, पण त्याचे वर्ष कोठेच लिहिले जात नाही.

आता दाखल्याची वाट पाहू. करविषयक कागद सहसा थेट शिष्यवृत्तीसाठी नव्हे, तर तहसीलदारांच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून लागतात. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो. दाखला मिळाला की त्याचा बारकोड क्रमांक महाडीबीटीवर भरायचा. या प्रवासात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वर्षाची. हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. जुन्या रिटर्नवर दोन वर्षे छापलेली असतात. २०२४-२५ ची कमाई असेल, तर आकारणी वर्ष २०२५-२६ असते. अर्जात कमाईचे वर्ष हवे असते. नव्या प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून ही जोडी मोडून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली आहे.

दुसरी गोष्ट, कर नाही म्हणजे उत्पन्न नाही, असे नव्हे. गावच्या शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण उत्पन्नाच्या दाखल्यात ते धरले जाते. उलट इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमी लेअर दाखल्यासाठी, १९९३ च्या केंद्रीय आदेशानुसार, पालकांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न मर्यादेत मिळवत नाहीत. म्हणजे एकाच घराचे ‘उत्पन्न’ दोन कागदांवर दोन प्रकारचे असू शकते, आणि दोन्ही खरे असते.

तिसरी गोष्ट ‘फॉर्म सोळा’ची. पगारातून कर कापला गेला असेल, तरच हा कागद देणे मालकाला बंधनकारक आहे. महिना २० हजार मिळवणाऱ्या पहारेकऱ्याचे वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. त्याचा कर कापला जात नाही, म्हणून त्याला हा फॉर्म मिळत नाही. त्याने मालकाकडून पगाराचा दाखला घ्यावा. कर लागत नसतानाही रिटर्न भरता येते, आणि त्याची पोचपावती पुराव्याच्या कामी येते. जेथे मालकच ठरलेला नाही, तेथे स्वयंघोषणापत्राचाच आधार उरतो.

अमेरिकेतही सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात कुटुंबाचे उत्पन्न विचारतात. २०२४-२५ पासून तेथे संमती दिली की करखात्याकडील आकडे सरळ अर्जात येतात. सोय मोठी आहे. पण ती त्याचीच, ज्याची कमाई करखात्याच्या दप्तरी आहे.

कचेऱ्यांबाहेर ‘आकडा कमी करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटा दाखला उघडकीस आला तर मदत जाते, आणि खऱ्या गरजूंकडेही संशयाने पाहिले जाते. सरळ मार्ग आपल्या हातात आहे. आधार, शिधापत्रिका व बँक खाते यांवरील नावे एकसारखी करून घ्यावीत. प्रवेशाची वाट न पाहता एप्रिलमध्येच पुरावे गोळा करावेत. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा आपला हक्क आहे, आणि तो न मिळाल्यास अपील करता येते.

उत्पन्नाचा दाखला गरिबी मोजतो, असे आपण समजतो. वास्तविक तो पुष्कळदा श्रमाची नोंद किती झाली, एवढेच मोजतो. ज्याची नोंद सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त पुरावे द्यावे लागतात. म्हणून ज्यांना या वाटेची माहिती झाली आहे, त्या आपण द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जूनमध्ये कार्यालयाबाहेर एक टेबल मांडावे, आणि नव्या मुलांचे अर्ज त्यांच्या शेजारी बसून भरून द्यावेत. प्राध्यापकांनी परवानगी दिल्यास येत्या वर्षीच हे काम सुरू करता येईल.