‘दंड भरून मिटलं’ म्हणजे काय?

प्रश्न : मुलाची मुंबईच्या नौदल गोदीत कारागीर म्हणून निवड झाली आहे. चार वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, किहीमच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर गांजा ओढताना त्याला पोलिसांनी धरलं होतं. कोर्टात दंड भरून प्रकरण मिटलं. आता तो कशालाही शिवत नाही. वैद्यकीय तपासणीत जुना गांजा सापडेल का? पोलिसांचं रेकॉर्ड काढून टाकता येईल का?
– एक वडील, अलिबाग तालुका

उत्तर : चार वर्षांपूर्वी ओढलेला गांजा आज तपासणीत सापडत नाही. ती काळजी सोडा. रेकॉर्ड ‘साफ करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तुम्ही विचारायला हवं होतं ते वेगळंच. पोलीस पडताळणीसाठी भरून द्यायच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये मुलानं काय लिहिलं आहे?

‘दंड भरून मिटलं’ हे शब्द वाचूनच मला धास्ती वाटली. गांजा सेवनाला अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘एका तारखेत सुटशील’ असं सांगून काही वकील गुन्हा कबूल करायला लावतात. पोरगा दंड भरून घरी येतो, पण कागदावर तो दोषी ठरलेला असतो. पुढे फॉर्ममध्ये विचारतात : कधी अटक झाली होती का? खटला झाला होता का? न्यायालयानं दंड केला होता का? घरातले म्हणतात, केस कुठे उरली आहे आता, लिही ‘नाही’. एवढ्या एका शब्दानं नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्याकडे आलेला एक मुलगा रुजू होऊन वर्ष झालं होतं, घरासाठी कर्ज काढलं होतं, आणि मग पडताळणीचा अहवाल आला. त्याला काढलं ते माहिती दडवली म्हणून. मूळ गुन्ह्याकडे कदाचित कुणी काणाडोळाही केला असता.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली हेच सांगितलं आहे. माहिती खरीच द्यायची. गुन्हा किरकोळ असेल तर तो दडवल्याची चूकही नियोक्ता माफ करू शकतो. मात्र खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही, हेही त्याच निकालात आहे. तेवढी मनाची तयारी ठेवा.

म्हणून आधी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा आणि कलम वाचा. २७ म्हणजे सेवन. २० असेल तर बाळगण्याचा किंवा विक्रीचा प्रश्न येतो, आणि मग किती ग्रॅम हे महत्त्वाचं ठरतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये श्रीवर्धन, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाच्या कागदात सेवन की विक्री हा फरक अगदी स्पष्ट दिसलेला बरा.

फॉर्म द्यायचा असेल तर ‘होय’ लिहून नक्कल जोडा. ‘नाही’ लिहून दिला असेल तर अहवालाची वाट पाहू नका. पडताळणीसाठी पोलिसांच्या जिल्हा विशेष शाखेचा माणूस तुमच्या दारात येण्याआधी मुलानं स्वतः गोदीच्या कार्यालयाला लेखी कळवावं आणि तारखेसह पोच घ्यावी. हे याच आठवड्यात करा.