बाग ताणावर सोडली आहे

जांब समर्थ, ता. घनसावंगी
१२ डिसेंबर

चि. वैष्णवीस,


काल ताईचा फोन आला. तू रात्री दोनपर्यंत वाचतेस आणि पहाटे पाचला पुन्हा पुस्तक उघडतेस, असं ती कौतुकानं सांगत होती. मला मात्र काळजी वाटली. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

बारावीला मीही असाच जागलो होतो. रात्रीच्या पाळीची वीज आली की वडिलांबरोबर पाण्याला दारं धरायची आणि उरलेल्या रात्री गणितं सोडवायची. पेपरच्या आदल्या रात्री तर डोळा मिटलाच नाही. सकाळी एकच गणित चारदा वाचलं. ओळखीचं होतं, पण पुढची पायरी सुचेना. घरी येऊन झोपलो. संध्याकाळी उठल्यावर तेच गणित एका दमात सुटलं, पण पेपर हातचा गेला होता.

त्यामागचं कारण शिक्षक झाल्यावर कळलं. १९२४ साली अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या. आठ तास झोपून उठल्यावर त्यांना दहांपैकी निम्मी अक्षरं आठवली. तेवढेच तास जागं राहिल्यावर जेमतेम एखादं. दिवसा शिकलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात कच्चं नोंदलं जातं. गाढ झोपेत मेंदू ते पुन्हा उजळतो आणि पक्कं करतो. तू झोप कापतेस तेव्हा दिवसभराच्या मेहनतीतलंच कापतेस.

तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. तुझी वेळ मात्र तुलाच राखायची आहे.

‘समर्थांच्या गावची मुलगी झोपून कशी राहील?’ असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. दासबोधात निद्रेवर स्वतंत्र समास आहे हे खरं. पण समर्थांचा राग आळसावर आहे, आणि तू आळशी नाहीस. दिवसभर राबलेल्या माणसाची झोप म्हणजे आळस नव्हे.

आपली मोसंबीची बाग सध्या ताणावर सोडली आहे. पाणी तोडलंय, पानं मलूल दिसतात. नवख्याला वाटेल, झाड बसलं. पण या दिवसांत झाड आत अन्न साठवतं, आणि मग पाणी दिलं की आंबे बहार फुटतो. बारा महिने पाणी पाजत राहणाऱ्याच्या बागेत पानंच माजतात. थांबणं हेही बागेचंच काम आहे.

तेव्हा दहाला दिवा मालव, सहाला ऊठ. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. संध्याकाळनंतर चहा नको. अवघड धडा झोपण्यापूर्वी वाच आणि सकाळी पुस्तक मिटून आठवून लिही. पेपरच्या आदल्या रात्री नवीन काही उघडू नकोस.

हे पत्र रात्री हाती पडलं, तर उत्तर सकाळी लिही.

तुझा,
मामा