झोत रस्त्यावर पडू दे

कराड, मंगळवार

चि. अनिकेत यास,


चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात रात्री समोरचं नीट दिसत नाही, म्हणून जुन्या स्विफ्टला 6500 केल्विनचे एलईडी बल्ब टाकतोय, असं तू कळवलंस. दिसत नाही हे वेळीच बोललास, फार बरं केलंस. पण बल्ब अजून घेऊ नकोस.

आधी हेडलाईटची काच बघ. आपण काच म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते पिवळं पडतं, धुरकटतं. मग आत कितीही भारी बल्ब लावला तरी थोडा उजेड तिथंच अडतो आणि बाकीचा फाकतो. काच पॉलिश करून घे आणि वरून यूव्ही कोटिंग मारायला सांग, नाहीतर ती लवकरच पुन्हा पिवळी पडेल. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, लाईट लावून, बल्बच्या होल्डरपाशी मीटर धरायला सांग. बॅटरीवर जेवढं व्होल्टेज दिसतं, जवळपास तेवढंच तिथं दिसलं पाहिजे. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. गंजलेलं अर्थिंग आणि सैल कपलर जुन्या गाडीत एवढं नुकसान सहज करतात. ते साफ करून रिले किट बसव. बॅटरीतून थेट, फ्यूज घालून करंट मिळाला की तोच बल्ब उजळतो.

आता एलईडीला माझा विरोध का, ते नीट समजून घे. तुझ्या गाडीतल्या 60/55 वॉटच्या एच-फोर बल्बमध्ये दोन तारा असतात, 60 ची अप्परला आणि 55 ची डिपरला. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला लागतो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो. झोताची वरची कड सरळ कापलेली असते. डावीकडे तेवढी ती थोडी वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर काही जाऊ नये. तार नेमक्या जागी असेल तरच हे सगळं साधतं. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप असतात. त्यांची जाडी आणि जागा तारेशी जुळली नाही की कड मोडते आणि उजेड वर, समोरच्याच्या तोंडावर जातो. तुला मात्र गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो आणि वाटतं, काय उजेड आहे! पायाशी एवढा उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. घाटात तुला लांबचंच हवंय.

आणि समोरून येणारा कोण असतो? हंगामात पाटणपासून इकडे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडाच, रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. तुझ्या झोताने समोरच्या मोटरसायकलवाल्याचे डोळे दिपले, तर पुढचे काही क्षण त्याला त्याच्या पुढची ट्रॉली दिसणारच नाही. वय झालेल्या माणसाचे डोळे सावरायला तर आणखी वेळ लागतो. झोत कायम खाली वळलेला असावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 106 व्या नियमातही आहे. पण तू त्या मोटरसायकलवाल्यासाठी ते पाळावंस, असं मला मनापासून वाटतं.

बल्ब बदलायचाच तर चांगल्या कंपनीचा, जास्त उजेड देणारा, पण 60/55 वॉटचाच हॅलोजन घे. त्याचं आयुष्य साध्यापेक्षा कमी असतं, ते चालेल. निळसर काचेचा नको, तो रंग उजेड गाळतो. 100/90 वॉटचा तर मुळीच नको, त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो. दोन्ही बल्ब एकदम बदल आणि बल्बच्या काचेला बोट लावू नकोस. प्रोजेक्टर लेन्सला स्वतःची कड असते, त्यामुळे काम चोख झालं तर ती चांगलीच. पण त्यासाठी हेडलाईट फोडून पुन्हा सील करावी लागते, आणि कोकणच्या पावसात ते सील टिकेल याची मला खात्री वाटत नाही. धुक्यासाठी बंपरमध्ये खाली, रुंद आणि चपट्या झोताचे फॉग लॅम्प लाव. त्यांचा रंग पिवळाच हवा असं नाही. ते खाली असणं महत्त्वाचं. धुक्यात अप्पर लावलास तर समोर पांढरी भिंतच उभी राहील.

सगळं झालं की फोकस सेट कर. टायरमध्ये हवा बरोबर हवी, सीटवर एक माणूस बसलेला हवा आणि गाडी सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर उभी हवी. डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डिकी भरून येणार असशील तर डॅशबोर्डवरच्या लेव्हलिंगच्या चाकाने झोत खाली घे. चाक नसेल तर सामान कमी आण.

शनिवारी उजेडीच निघ. मीटर माझ्याकडे आहे, अर्थिंग आपण दोघं मिळून बघू. तुझ्या आईला आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा