राहुट्या करणारे हात

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 18:1-4



करिंथला पौलाला घर कोणी दिलं? अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यानं. क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे त्यांना रोम सोडावं लागलं होतं. अक्विल्ला मूळचा पंतचा. पंत, रोम, करिंथ, पुढे इफिस; ठिकाणं बदलत गेली, पण हातातला धंदा तोच, राहुट्या करण्याचा. पौलाचाही धंदा तोच होता, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. पुढे मंडळी याच जोडप्याच्या घरात जमू लागली (1 करिंथ 16:19).

पेन्टेकॉस्टच्या दिवशी ज्यांनी आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्यं ऐकली, त्या यादीतही पंत आणि रोम आहेत (प्रे. कृत्ये 2:9-10). म्हणजे पवित्र आत्म्याच्या मंडळीत परमुलखात राहणारी माणसं पहिल्या दिवसापासून आहेत.

आज हेच केरळच्या पेन्टेकॉस्टल कुटुंबांत दिसतं. कुंबनाडला इंडिया पेन्टेकॉस्टल चर्चचं मुख्यालय आहे. त्या भागातून 1970 च्या दशकापासून अनेक जण आखाती देशांत गेले: नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन. सोबत उपासनाही गेली. तिथल्या अनेक देशांत सुट्टी शुक्रवारी, मग मुख्य उपासनाही शुक्रवारी! दुबईत तर एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेऊन भजतात.

पण मित्रांनो, इथे एक प्रश्न मला टोचतो. आपल्याकडे साक्ष कोण देतं? ज्याचा व्हिसा लागला, ज्याला ऑनसाइट मिळालं, ज्यानं गावी घर बांधलं. सगळे हालेलुया म्हणतात. आणि ज्याचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलाय, पगार अडकलाय, तो मागच्या बाकावर गप्प बसतो. त्याला वाटतं, माझाच विश्वास कमी पडला.

याकोब 5:4 नीट वाचा. अडवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी प्रभूच्या कानी पोहोचते, असं तिथे म्हटलंय. तिथे मजुराचा विश्वास कोणी तपासत नाही. जाब मजुरी दाबणाऱ्याला विचारलाय. व्हिसा मिळणं हा आशीर्वादाचा पुरावा नाही आणि पगार अडकणं हा शापाचा पुरावा नाही. दिनाराचा भाव रुपयात कितीही होवो, कामाची किंमत त्यावर ठरत नाही. परक्या देशात रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणारी नर्स आणि वॉर्ड पुसणारा माणूस, दोघांचे हात प्रभूपुढे सारखेच मोलाचे आहेत.

आज एवढं करा: तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीत बाहेरगावाहून येऊन काम करणाऱ्या एकाचं नाव विचारा. पगार वेळेवर होतो का, तेही विचारा. उत्तर "नाही" असेल, तर नुसती प्रार्थना करून थांबू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, तू स्वतः सुताराचं काम केलंस. घरापासून दूर राबणाऱ्यांना सांभाळ. त्यांची आरोळी तुझ्या कानी जाते, ती आमच्याही कानी पडू दे. आमेन.