उपेक्षित : एका विशेषणाचा अभ्यास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, मार्क १२:४१–४४



आपल्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की आजारी, प्रवासी आणि शोकग्रस्त यांच्यामागोमाग 'उपेक्षित' येतातच. आमेन होते आणि आपण पुढच्या गीताकडे वळतो. या पाठात आपण ह्या एकाच शब्दाजवळ थोडे थांबणार आहोत. तो वाक्यात कसा वापरावा, हा वरवर पाहता व्याकरणाचा प्रश्न आहे. पण मंडळीच्या वागणुकीचा प्रश्नही त्यातच आहे, असे आम्हांला वाटते.

१. शब्दाची ओळख

'उपेक्षित' हा शब्द संस्कृतातील 'ईक्ष्' म्हणजे पाहणे ह्या धातूपासून आला आहे. परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण आणि अपेक्षा ही त्याच घरातली भावंडे. उपेक्षा करणे म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखे करणे, कानाडोळा करणे. उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडे असा कानाडोळा झाला आहे तो.

आता ह्याच्या शेजारचे शब्द पाहू. 'क्षुल्लक' हा शब्द आकार सांगतो : क्षुल्लक रक्कम, क्षुल्लक कारण. 'नगण्य' म्हणजे मोजण्याच्या लायकीचे नाही ते. 'तुच्छ' ह्याचा मूळ अर्थ रिकामे, पोकळ. तो शब्द वस्तूच्या किमतीचाच निकाल लावतो. 'उपेक्षित' मात्र किमतीविषयी काहीच बोलत नाही. वस्तू लाखमोलाची असली तरी ती उपेक्षित असू शकते. हे विशेषण लागते एकाला, पण दोष दाखवते दुसऱ्याच्या डोळ्यांचा.

२. वाक्यात उपयोग

आम्ही राहतो ते अमरगोळ हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये आहे. १९६२ साली ह्या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. जोडनावात दोन्ही शहरे आली, मधल्या गावांची नावे आली नाहीत. पण हुबळीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आमच्या अमरगोळातच आहे. तेथे पोती वाहणाऱ्या हमालाचे उदाहरण घेऊन चार वाक्ये करू.

(अ) हमाल तुच्छ आहे.
(आ) हमाल उपेक्षित आहे.
(इ) मंडळीने हमालाची उपेक्षा केली.
(ई) मंडळीने ज्याची उपेक्षा केली, त्याला प्रभूने पाहिले.

पहिले वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण खोटे आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आपण शिकतो. दुसरे वाक्य खरे आहे, पण अर्धे. उपेक्षा झाली हे त्यात कळते, कोणी केली हे कळत नाही. कर्ता पडद्याआड राहतो. आपल्या प्रार्थनांत बहुधा हेच वाक्य असते, म्हणून ती प्रार्थना करणे सोपे जाते. तिसऱ्या वाक्यात कर्ता पुढे येतो आणि प्रार्थनेचा पश्चात्ताप होतो. चौथ्या वाक्यात सुवार्ता आहे.

३. यरुशलेमेतील विधवा

हाच शब्द पवित्र शास्त्रात कोठे भेटतो? प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात. यरुशलेमेतील मंडळी वाढत होती. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार आली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे लक्ष दिले जात नाही. मूळ ग्रीक क्रियापद 'पॅराथेओरेओ' असे आहे. 'पॅरा' म्हणजे बाजूने आणि 'थेओरेओ' म्हणजे पाहणे. अर्थात बाजूने नजर निघून जाणे. आपल्या 'उपेक्षा' शब्दाची घडण जवळजवळ अशीच आहे. नव्या करारात हे क्रियापद एवढ्या एकाच ठिकाणी येते, आणि तेही मंडळीबाहेरच्या लोकांविषयी नाही. आत्म्याने भरलेल्या, सर्व काही समाईक ठेवणाऱ्या मंडळीतच हे घडले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, उपेक्षेची रेघ भाषेवरून पडली होती. सीमाभागात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हे समजावून सांगावे लागत नाही. धारवाडात १८३७ साली आणि हुबळीत १८३९ साली बासेल मिशनचे काम सुरू झाले, ते कन्नड भाषेत. मराठी घरे येथे थोडी. आपले कोणी विचारत नाही, असे एखाद्या घराला वाटले तर ते बोलणे पाप नाही. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही, ऐकून घेतली.

दुसरी गोष्ट उपायाची. प्रेषितांनी सर्वांना जमवले आणि सात माणसे निवडून घेतली. स्तेफन, फिलिप्प, अंत्युखियाचा नीकलाव – सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा होत होती, त्यांच्यातील वाटावीत अशा माणसांच्याच हाती वाटणी सोपवली. ह्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे सातव्या वचनावरून दिसते.

४. भांडारासमोर बसलेला प्रभू

मार्काच्या बाराव्या अध्यायात आणखी एक विधवा आहे. प्रभू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत होता. तेथे 'पाहणे' ह्यासाठी तेच मूळ क्रियापद आहे – 'थेओरेओ'. यरुशलेमेतील मंडळीची नजर विधवांच्या बाजूने निघून गेली. प्रभूची नजर विधवेवर थांबली. तिच्या दोन टोल्या रकमेने क्षुल्लकच होत्या, आणि प्रभूने त्या मोठ्या आहेत असा देखावा केला नाही. त्याने माप बदलले : किती दिले ह्यापेक्षा जवळ काय उरले, ते पाहिले.

५. आपल्या भागातील दाखला

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ अभ्यासक तिचा उल्लेख करतात. तीत यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवांची दशा पाहतात. घराघरांत विधवा होत्या, त्या सर्वांना दिसत होत्या. पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. बाबांनी त्यांना एकेक करून वाचकांपुढे उभे केले. 'विधवा' ह्या सरसकट शब्दाच्या जागी एकेकीची कहाणी आली. पुढे १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. आधी पाहणे, मग दार उघडणे, असा हा क्रम आहे.

६. आपल्यासाठी

'उपेक्षितांचे' असे आपण म्हणतो, तेव्हा विशेषणाचे नाम होते आणि माणसांचा एक घोळका तयार होतो. घोळक्यासाठी प्रार्थना करता येते, पण घोळक्याच्या घरी जाता येत नाही. म्हणून यापुढे हा शब्द वापरताना त्याच्यापुढे एक नाव जोडावे. देवळाचे अंगण झाडणाऱ्या बाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? मागच्या बाकावर बसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या आजोबांचे? कन्नड मंडळीत आपली उपेक्षा होते असे म्हणणाऱ्या मराठी घराने, आपल्या दारी येणाऱ्या तेलुगू मजुराकडे कसे पाहिले, हेही विचारावे. उपेक्षा सोसलेला मनुष्य उपेक्षा करीत नाही, असा नियम नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. क्षुल्लक, तुच्छ आणि उपेक्षित हे तीन शब्द तीन वाक्यांत वापरा. प्रत्येक वाक्य खरे आहे का, ते पाहा.
२. आपल्या मंडळीत निर्णय घेणाऱ्यांत ज्यांचे कोणीच नाही, असे कोण आहेत?
३. हागारेने देवाला कोणते नाव दिले? (उत्पत्ति १६:१३)

प्रार्थना : हे प्रभू, तू भांडारासमोर बसून पाहिलेस तसे पाहायला आम्हांला शिकव. ज्यांच्या बाजूने आमची नजर निघून जाते, त्यांची नावे आमच्या ओठांवर आण आणि त्यांच्या दारापर्यंत आम्हांला ने. आमेन.