आडनाव न विचारता

अगं, इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं ठरलं म्हणालीस आणि पहिला प्रश्न कुठला, तर ‘‘ताई, सोबतीला कसल्या बायका असतात गं?’’ पहाटे चारला उठवतात का, मांडी घालून पाय दुखतात का, हे तू विचारलंच नाहीस. बरं केलंस. पाय दुखतात, आणि ते सांगायला शंभर जण आहेत. सोबतीचं कुणी सांगत नाही.

धम्मगिरीला, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्रात, सोबत असते आणि बोलायची सोय नसते. पहिल्या संध्याकाळी फोन, पुस्तकं, वही-पेन जमा करायचं आणि मग आर्य मौन सुरू. ते सुटतं थेट दहाव्या दिवशी, सकाळी मंगल मैत्रीची साधना झाल्यावर. मौन म्हणजे नुसतं तोंड मिटणं नाही हं. खाणाखुणा नाहीत, नजरानजरही नाही. बायकांचा विभाग वेगळा, त्यामुळे तोवर तुझं सगळं जग म्हणजे या मुक्या बायका.

आता आपल्याकडची ओळख कशी सुरू होते बघ. कुठल्या तुम्ही? आडनाव काय? मिस्टर काय करतात? तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्या बाईची जात, जिल्हा आणि ऐपत आपण मनातल्या मनात मांडून मोकळ्या होतो. तिथे यातलं काहीच हाताला लागत नाही. मग माणूस भलतीकडूनच ओळखीचं व्हायला लागतं. कुणाच्या चपला दाराशी नेहमी सरळ असतात, कुणी उठताना आधी डावा हात टेकते, कुणी आपलं ताट धुऊन झाल्यावर नळाखालची खरकटी जागाही धुते. अमुक बाई चांगली आहे, हे तुला तिचं नाव कळायच्या कितीतरी आधी ठाऊक झालेलं असतं.

माझ्या पुढच्या आसनावर अशाच एक बाई होत्या. सुरुवातीला त्रिशरण आणि पंचशील ऐकून मागोमाग पालीत म्हणायचं असतं. आम्ही बाकीच्या चाचरत होतो. या बाईंना एक अक्षर अडलं नाही, उलट ध्वनिफितीच्या अर्धा शब्द पुढेच. दहाव्या दिवशी कळलं, त्या नागपूरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली, तेव्हापासून घरात वंदना रोजची. आपल्यासाठी बुद्ध म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला धडा. त्यांच्यासाठी ती आजोबांनी कमावलेली इस्टेट होती. ‘‘वंदना आईनं शिकवली, पण असं बसायला कोणी शिकवलं नव्हतं,’’ म्हणाल्या. त्यांच्या मुलाला हे डोळे मिटून बसणं अजिबात पटत नव्हतं. अन्यायाशी भांडायचं सोडून हे काय, असं त्याचं म्हणणं. बाई हसल्या. ‘‘मी त्याला सांगितलं, बसायचंही असते अन् उठून भांडायचंही असते.’’ इतकं सरळ उत्तर मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

आणि ही साधना आपल्यापर्यंत पोचली, तीही एका परक्या माणसाच्या भेटीतूनच. ती इथे आणणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, अर्धशिशीनं बेजार. रंगूनला ऊ बा खिन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेले, ते डोकं दुखायचं थांबावं म्हणून. नुसत्या डोकेदुखीसाठी शिकवणार नाही, असं ऊ बा खिन यांनी ठणकावलं. पुढे १९६९ मध्ये गुरुजी भारतात आले आणि शिबिरं सुरू झाली.

धम्मसेविकांकडेही लक्ष असू दे. उठवायची घंटा वाजवणाऱ्या, पाचच्या चहाकडे बघणाऱ्या या बायका पगारी नसतात. स्वतः शिबिर केलेल्या असतात आणि दुसऱ्यांसाठी पुन्हा येऊन राबतात. तुझ्या जेवणाचे पैसेही असेच कुणीतरी आधी बसून गेलेल्यांनी दिलेले असतात. शिबिराला फी नाही. पैसे देणारी ती माणसं तुला कधीच भेटणार नाहीत.

शेजारची रडायला लागली तर तू उठून जवळ घेऊ नकोस. मला माहितीये, तुला राहवणार नाही. सेविकेशी गरजेपुरतं हळू बोलायला परवानगी असते, तिला सांग आणि आपल्या जागी बस. कधीकधी माणसाला रडून घ्यायचं असतं आणि आपला खांदाच मधे येतो.

खरी जपायची वेळ दहाव्या दिवशीची. मौन सुटतं आणि जो कलकलाट होतो म्हणतेस! सगळ्यांची मनं ओली असतात. सासू, नवरा, मोडलेलं लग्न, सगळं एका दुपारी बाहेर येतं. ऐकून घे, भरपूर ऐक. पण स्वतःचं सगळं गाठोडं लगेच सोडू नकोस. तिथल्या तिथे ‘आपण दोघी लडाखला जाऊ’, ‘आपण मिळून काहीतरी सुरू करू’ असले बेतही नकोत. पैशांचं तर नावच नको. नंबर घ्यायचा तर एखादीचाच घे आणि महिन्याभरानं फोन कर. तेव्हाही बोलावंसं वाटलं तर ती तुझी. नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. सगळ्याच भेटींची मैत्री करायला हवी असं थोडंच आहे? नागपूरच्या बाईंचा नंबर माझ्याकडे नाही, आणि मला त्याची चुटपुटही नाही.

अकराव्या दिवशी सकाळी स्टेशनला जायला पाचजणी मिळून रिक्षा करतील, त्यांच्यात बस. गप्पांना तीच जागा उत्तम, कारण उतरायचं ठिकाण ठरलेलं असतं.

आणि एक. झोपेच्या, मनाच्या गोळ्या चालू असतील तर अर्जात खरं लिहायचं, लपवून जायचं नाही. नाही म्हणाले तर आधी डॉक्टर, मग शिबिर. आणि प्रवासाचं म्हणशील तर, मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते, त्यापुढे घाट आहे. इगतपुरीला थांबणाऱ्या एक्स्प्रेसचं तिकीट आजच काढ.